सीमेपलीकडचं सरकारी हॉस्पिटल: कार्ड चालत नाही, मग काय चालतं?

प्रश्न असा आला आहे: "आई (७०) आणि बाबा (७३) ऑक्टोबरमध्ये नाशिकहून चाळीस जणांच्या ग्रुपबरोबर नेपाळला चालले आहेत. लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू असा तेरा दिवसांचा कार्यक्रम आहे. बाबांना मधुमेह आणि बीपी आहे, चार वर्षांपूर्वी एक स्टेंट टाकलाय. सत्तरीवरच्यांना मिळतं ते आयुष्मान कार्ड दोघांचंही काढलं आहे. ते नेपाळच्या सरकारी हॉस्पिटलात चालतं का? नसेल चालत, तर तिथे फुकट किंवा कमी पैशांत उपचार मिळतात का? पुढच्या वर्षी त्यांना श्रीलंका आणि भूतानही करायचं आहे, म्हणून एकदाच विचारून घेते."

ताई, कार्ड चालत नाही. आयुष्मान, महात्मा फुले जनआरोग्य, ईएसआय, यातलं काहीच सीमा ओलांडत नाही. सत्तरीवरच्या सर्वांसाठीची आयुष्मान सोय ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाली, तेव्हापासून हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतो. कार्डावर भारत सरकारचा शिक्का आहे आणि नेपाळ म्हणजे काय, आपल्या घरचंच, असं लोकांना वाटतं. युरोपात एका देशाचं आरोग्य कार्ड दुसऱ्या देशाच्या सरकारी दवाखान्यात दाखवता येतं. आपल्या सार्क देशांमध्ये तसा करारच झालेला नाही. आपला पासपोर्ट तर इथेच, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापला जातो. त्याच्या आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावे विनंती असते, की या माणसाला अडवू नका आणि गरज पडेल ती मदत व संरक्षण द्या. हॉस्पिटलच्या बिलाबद्दल तिथे अवाक्षर नाही.

मी फिजिशियन आहे. नाशिकमधून निघणाऱ्या यात्रांबरोबर ग्रुपचा डॉक्टर म्हणून गेली बावीस वर्षं जातोय. नेपाळ पंधरा-सोळा वेळा झालं, श्रीलंका सहादा, भूतान चारदा. त्यामुळे पुढचं बरंचसं तिकडच्या कॅज्युअल्टीच्या बाकड्यावर बसून शिकलेलं आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, ते सुटे करू. "घेतील का?" आणि "फुकट करतील का?" नेपाळच्या २०१५च्या संविधानात पस्तिसाव्या कलमात दोन्हींची उत्तरं शेजारी शेजारी आहेत. मूलभूत आरोग्यसेवा मोफत मिळण्याचा हक्क "प्रत्येक नागरिकाला" दिला आहे. तातडीच्या सेवेपासून मात्र "कोणालाही" वंचित ठेवता येणार नाही, असं म्हटलं आहे. म्हणजे बाबांच्या छातीत दुखलं, अपघात झाला, धाप लागली, तर सरकारी हॉस्पिटल त्यांना घेईल. पासपोर्ट कुठे, पैसे कुठे, हे नंतर. फुकट मात्र त्यांच्या लोकांना. आपणही वेगळं काय करतो? आपल्या सोसायटीतला नेपाळी वॉचमन रात्री दोन वाजता रक्तबंबाळ होऊन सिव्हिलला आला तर आधी टाके घालतो, आधार कार्ड सकाळी विचारतो.

म्हणून "फुकट कुठे" हे शोधूच नका. नेपाळच्या सरकारी हॉस्पिटलातला खर्च आपल्या मध्यमवर्गी घराला झेपणारा असतो, खासगीच्या मानाने तर फारच कमी. शोधायचं ते "सगळ्यात जवळ कोण" हे. याची किंमत मी एकदा मोजली आहे, खरं तर दुसऱ्याला मोजायला लावली आहे.

२०११ची गोष्ट. हायवेवरच्या एका छोट्या गावात आमचा मुक्काम होता. ग्रुपमध्ये सिन्नरचे एक निवृत्त गुरुजी होते. पहाटे पाचला त्यांच्या छातीत दुखायला लागलं, घामाने सदरा भिजला. हॉटेलपासून चालत पाच मिनिटांवर सरकारी दवाखाना होता. त्याच्या भिंतीचा रंग उडालेला, फाटकात बकऱ्या बसलेल्या. मी ते बघितलं आणि ठरवलं, इथे काय असणार, पोखऱ्याला नेऊ. तीन तासांचा रस्ता, पण वाटेत दरड आलेली. पोचायला साडेपाच तास लागले. गुरुजी वाचले, पण हृदयाचा पंपिंगचा जोर निम्म्यावर आला आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी दोन जिने चढताना थांबत काढली. दोन वर्षांनी त्याच गावात पुन्हा मुक्काम पडला, तेव्हा मुद्दाम त्या दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण मेडिकल ऑफिसरने ईसीजी मशीन दाखवलं, ऑक्सिजन दाखवला आणि कपाटातल्या स्ट्रेप्टोकायनेजच्या कुप्याही दाखवल्या. रक्ताची गुठळी विरघळवणारं हे इंजेक्शन हार्ट अटॅकच्या पहिल्या काही तासांत, जितकं लवकर तितकं जास्त काम करतं. "हे आमच्याकडे चार-पाच वर्षांपासून असतं," तो म्हणाला. मी चहा न घेता निघालो.

तेव्हापासून माझा नियम: पहिले दोन तास जवळच्या दवाखान्याचे, मग तो कसाही दिसो. ईसीजी, सलाईन, ऑक्सिजन, पहिलं इंजेक्शन तिथे. पुढे कुठे न्यायचं ते नंतर.

आता तुमच्या आईबाबांच्या वाटेवरची दारं. बहुतेक नाशिककर काशी एक्सप्रेसने नाशिकरोडहून गोरखपूर गाठतात आणि सुनौलीहून आत शिरतात. शिरल्याबरोबर भैरहवा येतं, तिथलं सरकारी हॉस्पिटल म्हणजे भीम अस्पताल. लुंबिनी इथून जवळ. थोडं वर बुटवलला लुंबिनी प्रादेशिक अस्पताल आहे. पोखऱ्यात पोखरा स्वास्थ्य विज्ञान प्रतिष्ठान. नाव भारदस्त आहे, रिक्षावाल्याला "गंडकी अस्पताल" म्हटलं तरी कळतं. मुक्तिनाथच्या वाटेवर जोमसोमला जिल्हा अस्पताल आहे. चितवनला गेले तर भरतपूर अस्पताल. काठमांडूत तीन नावं पाठ असू द्या. पहिलं वीर अस्पताल, १८८९पासूनचं, नेपाळमधलं सगळ्यात जुनं. त्याच्याजवळच नॅशनल ट्रॉमा सेंटर, जे भारताच्या मदतीने उभं राहिलं आणि २०१४च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं. आणि महाराजगंजचं त्रिभुवन विद्यापीठाचं टीचिंग हॉस्पिटल. अपघात असेल तर ट्रॉमा सेंटर, बाकी गुंतागुंतीचं काही असेल तर टीचिंग.

ऑगस्ट २०२४मध्ये आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस पोखऱ्याहून काठमांडूला येताना तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. २७ जण गेले. जखमींना हेलिकॉप्टरने काठमांडूला याच टीचिंग हॉस्पिटलात नेलं होतं. त्या रस्त्यावरून जाताना मी आता ड्रायव्हरमागच्या सीटवर बसतो आणि त्याच्याशी बोलत राहतो.

नेपाळच्या दवाखान्यात आपल्याला एक मोठी सोय आहे जी श्रीलंकेत नाही: पाट्या देवनागरीत असतात. "आकस्मिक कक्ष" म्हणजे कॅज्युअल्टी. "सोधपुछ" म्हणजे चौकशी. केसपेपर काढण्याला तिथे "टिकट काट्ने" म्हणतात, डॉक्टरच्या चिठ्ठीला "पुर्जा". भरती करताना "धरौटी" मागतील, म्हणजे डिपॉझिट. हिंदी सगळ्यांना कळतं, आणि डॉक्टरांपैकी बरेच जण आपल्याकडे शिकलेले असतात. एका रात्री पोखऱ्यात ड्यूटीवरचा सर्जन आमच्या बोलण्यावरून ओळखून हसला आणि म्हणाला, "पुण्यात होतो मी, तुमची मिसळ खूप खाल्ली आहे."

पण आपल्या सिव्हिलसारखंच तिथेही नातेवाईक लागतो. पुर्जा घेऊन तळमजल्यावरच्या मेडिकलमधून सलाईनची बाटली, कॅन्युला (शिरेत घालायची नळी), इंजेक्शन आणायचं, रक्ताची नळी लॅबला नेऊन द्यायची, पैसे भरून पावती दाखवायची, हे सगळं सोबतच्या माणसाने. ग्रुप पुढे निघून गेला आणि पेशंटजवळ फक्त सत्तर वर्षांची बायको उरली, तर ती काय करणार? म्हणून बुकिंग करतानाच यात्रा कंपनीला विचारा: कोणी ॲडमिट झालं तर तुमचा माणूस मागे थांबतो का, किती दिवस? लेखी घ्या. "काळजी करू नका ताई, आम्ही आहोत ना" हे उत्तर मानू नका.

ऑक्टोबरची आणखी एक मेख. आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास त्यांचा दसैं असतो, वर्षातला सगळ्यात मोठा सण. सरकारी ओपीडी त्यात बरेच दिवस बंद असते, निम्मा स्टाफ गावी गेलेला असतो. शनिवारची सुट्टी तर दर आठवड्याचीच. कॅज्युअल्टी मात्र चालू असते. तारखा जुळत असतील तर किरकोळ गोष्टींसाठी, म्हणजे सर्दी-खोकला, जुलाब, लघवीची जळजळ, औषधं इथूनच न्या. ॲम्ब्युलन्सचा नंबर १०२, पोलीस १००, टुरिस्ट पोलीस ११४४. काठमांडू खोऱ्यात १०२ ठीक चालतो, डोंगरात हॉटेलवाला किंवा जीपवाला जास्त लवकर हलतो. भारताने दिलेल्या ॲम्ब्युलन्स नेपाळच्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, त्यांच्यावर "भारतीय जनतेकडून भेट" अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. ते वाचून एका काकांनी ड्रायव्हरशी भाडं द्यायचं नाही म्हणून वाद घातला होता. काका, भेट नेपाळला होती, तुम्हाला नाही.

बाबांसाठी खरी धास्ती मला मुक्तिनाथची वाटते. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर, म्हणजे दुपटीहून जास्त. पोखरा साधारण ८०० मीटरवर. सकाळी पोखऱ्याहून विमानाने वीस-पंचवीस मिनिटांत जोमसोम, तिथून जीपने दुपारपर्यंत मुक्तिनाथ, असा कार्यक्रम बऱ्याच कंपन्या आखतात. कारण मुक्काम वाचतो. शरीराला मात्र हा हिशेब कळत नाही. अडीच हजार मीटरच्या वर डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं. त्यापुढे बसल्या जागी धाप, कोरडा खोकला किंवा चालताना झोक जाणं दिसलं, तर तो उंचीचा गंभीर आजार आहे आणि त्याचा पहिला उपचार म्हणजे खाली उतरणं. त्या वेळी दवाखान्याची वाट बघू नका, रात्र असली तरी जीप काढा. वर जाताना जोमसोम किंवा मार्फाला एक मुक्काम घ्यायला लावा, आणि मुक्तिनाथला दर्शन करून त्याच दिवशी खाली या, वर झोपू नका. डायमॉक्स गोळी, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, साधारण १२५ मिलिग्रॅम दोन वेळा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फाची ॲलर्जी किंवा किडनीचा त्रास असेल तर चालत नाही, तेव्हा बाबांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि त्या १०८ धारा. बर्फासारख्या पाण्याखालून पळत जायची भाविकांची हौस मी समजू शकतो, पण स्टेंटवाल्या त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाने विरळ हवेत ते करू नये. गार पाण्याने रक्तवाहिन्या एकदम आकसतात, बीपी उसळतं. ओंजळभर डोक्यावर घेतलं तरी मुक्तिनाथ रागावत नाही.

दुसरी गोष्ट माकडं. सप्तशृंगी गडावर प्रसादाची पिशवी हिसकावणाऱ्या माकडांची आपल्याला सवय असते, म्हणून पशुपतिनाथ आणि स्वयंभूला लोक बेफिकीर राहतात. दर दुसऱ्या ट्रिपला एक तरी ओरखडा असतोच. चावलं किंवा नखाने कातडी फाटली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तंबाखू, काही भरू नका. मग रेबीजची लस, आणि जखम खोल किंवा रक्त आलेलं असेल तर जखमेत अँटी-रेबीज सिरमही. काठमांडूत यासाठी टेकूचं शुक्रराज हॉस्पिटल, संसर्गजन्य रोगांचं सरकारी हॉस्पिटल, तिथे या लसीची रोजचीच वर्दळ असते. तिथून निघताना एक गोष्ट कागदावर लिहून घ्या: लस स्नायूत दिली की कातडीत. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण वेळापत्रक वेगळं. स्नायूत असेल तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४, २८, कातडीत असेल तर आपल्याकडे ०, ३, ७, २८. उरलेले डोस नाशिकला सिव्हिलमध्ये मिळतात. ती एक ओळ कागदावर नसली की इथला डॉक्टर डोकं खाजवत बसतो आणि पेशंट म्हणतो, "दंडात दिलं होतं बहुतेक."

पैशांचं थोडं. नेपाळी रुपया आपल्या रुपयाला १.६ असा बांधलेला आहे, १९९३पासून. बिलावर १६,००० दिसले तर ते आपले १०,०००, लोक उगीच हबकतात. आपल्या शंभराच्या आणि त्याखालच्या नोटा तिकडे चालतात. मोठ्या नोटांचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत राहिलेत, म्हणून हॉस्पिटलसाठीची रोकड शंभराच्या नोटांत किंवा नेपाळी चलनात ठेवा. यूपीआय २०२४पासून नेपाळमधल्या बऱ्याच दुकानांत चालतं, पण सरकारी हॉस्पिटलच्या खिडकीवर रात्री अडीच वाजता त्याच्या भरवशावर उभं राहू नका.

बिलाची आणखी एक गंमत. नेपाळमध्ये सरकारी कागदावर तारीख विक्रम संवतात असते. ऑक्टोबर २०२४मधल्या बिलावर २०८१ दिसतं. इन्शुरन्स कंपनीच्या टेबलवरचा मुलगा ते बघून "तारीख चुकलीय" म्हणून क्लेम परत पाठवतो. नाशिकच्या एका काकूंना यापायी चार महिने पत्रव्यवहार करावा लागला. डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांना सांगा, इंग्रजी तारीख पण घाला आणि शिक्का मारा. डिस्चार्ज कागद ते इंग्रजीतच लिहितात.

म्हणजे विमा घ्यायचाच. सरकारी हॉस्पिटलात खर्च कमी म्हणून विमा नको, हा हिशेब फसवा आहे. मोठा खर्च असतो तो हेलिकॉप्टरचा, खासगी आयसीयूचा, आणि दुर्दैवाने काही झालंच तर परत आणण्याचा. घरातला नेहमीचा मेडिक्लेम बहुधा भारतापुरताच असतो, त्यातली "भौगोलिक मर्यादा" ही ओळ वाचा. ट्रॅव्हल पॉलिसी घेताना मधुमेह, बीपी, स्टेंट, सगळं फॉर्मवर लिहा. एजंट म्हणेल, "कशाला लिहिता, प्रीमियम वाढेल." वाढू द्या. लपवलेल्या स्टेंटवर क्लेम नाकारणं हे कंपनीचं सगळ्यात सोपं काम असतं. पूर्वीच्या आजाराला बऱ्याच पॉलिसीत फक्त जिवावर बेतलं तरच संरक्षण असतं, तेही किती रकमेपर्यंत ते बघा. मुक्तिनाथसाठी उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टरचा खर्च, दोन्ही विचारा. आणि ॲडमिट झाल्याबरोबर, बिल व्हायच्या आधी, पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला फोन करा.

हेलिकॉप्टरबद्दल एक इशारा. २०१८मध्ये नेपाळ सरकारच्याच चौकशीत उघड झालं, की काही मंडळी किरकोळ त्रासातही पर्यटकांना घाबरवून हेलिकॉप्टरने उतरवत होती आणि विमा कंपन्यांकडून दामदुप्पट वसूल करत होती. डोकं दुखतंय पण माणूस नीट बोलतोय, सरळ चालतोय, तर जीप पुरते. कोणी आधीच फोन फिरवायला लागलं तर "आमच्या विमा कंपनीशी बोला" म्हणा.

आता फाइल. माझ्या मते हीच आईबाबांची खरी आरोग्य योजना. ए-फोर पारदर्शक फोल्डर, हातातल्या बॅगेत, डिकीत टाकायच्या सुटकेसमध्ये नाही. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत: नाव पासपोर्टवर किंवा मतदार कार्डावर आहे तसंच, वय, रक्तगट, आजार, स्टेंट कोणत्या रक्तवाहिनीत आणि कधी, ॲलर्जी, तुमचा फोन. औषधं ब्रँडच्या नावाने नको, मूळ नावाने आणि मिलिग्रॅमसकट. मागे अलीकडचं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), साखरेचा एचबीए१सी, स्टेंटचं कार्ड, शेवटच्या डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स. आणि जुना ईसीजी. हृदयरोग्याचा ईसीजी मुळातच वाकडा असू शकतो. समोरच्या अनोळखी डॉक्टरला जुना मिळाला की आजचा बदल नवा आहे की चार वर्षांपूर्वीचाच, हे एका मिनिटात कळतं. गुरुजींकडे तो नव्हता.

औषधं तेरा दिवसांऐवजी वीस दिवसांची न्या, दोन भागांत, एक आईच्या पर्समध्ये. इन्सुलिन असेल तर कधीही चेक-इन बॅगेत नको, विमानाच्या पोटात गोठू शकतं. वेळेचा गोंधळ नाही, नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे फक्त पंधरा मिनिटं. ओळखपत्राचं: पासपोर्ट किंवा मतदार कार्ड. आधारवर जाण्याची सूट पासष्टच्या वरच्यांना आणि पंधराच्या खालच्यांना आहे, म्हणजे आईबाबांना चालेल, पण मतदार कार्ड असेल तर तेही घ्याच. काठमांडूत आपला दूतावास लैनचौरला आहे, वीरगंजला वाणिज्य दूतावास. ते बिल भरत नाहीत. पण पेशंट बेशुद्ध, सोबत कोणी नाही, किंवा कोणी दगावलं, तर कागदपत्रांसाठी तिथूनच वाट सुटते. त्यांचे चालू नंबर निघायच्या आठवड्यात संकेतस्थळावरून लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर फिरणारे जुने नको.

पेशंट स्थिर झाला, डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले, आणि तुम्ही भैरहवा-बुटवल भागात असाल, तर सुनौली ओलांडून गोरखपूर साधारण शंभर किलोमीटर. तिथे एम्स आहे, बीआरडी मेडिकल कॉलेज आहे. आणि सीमा ओलांडली की बाबांचं आयुष्मान कार्ड पुन्हा जिवंत होतं, कारण ते देशभर, योजनेत असलेल्या हॉस्पिटलात चालतं. वीरगंजहून आलात तर रक्सौल, म्हणजे बिहार, तिथेही चालतं. ते कार्ड म्हणूनच घरी ठेवू नका, फाइलच्या मागच्या खिशात असू द्या.

श्रीलंकेचं चित्र वेगळं आणि माझ्या मते आपल्या प्रदेशातलं सगळ्यात शिस्तीचं. १९५१पासून तिथे सरकारी दवाखान्यात नागरिकांना पैसे पडत नाहीत. परदेशी पाहुण्याकडून शुल्क घेतलं जाऊ शकतं, तेवढी तयारी ठेवा. ॲम्ब्युलन्सचा नंबर १९९०, नाव सुवा सेरिया, २०१६मध्ये भारताच्या अनुदानातून सुरू झाली आणि आता बेटभर फिरते. आपल्या १०८सारखीच, आणि ती पैसे घेत नाही. कँडीत आमच्या एका ताईंची साखर खाली गेली होती, गाडी येताच त्या पोराने ग्लुकोमीटर काढला आणि मग नाव विचारलं. दवाखान्यात "ईटीयू" अशी पाटी शोधा, ती कॅज्युअल्टी. निघताना "डायग्नोसिस कार्ड" मागा, तिथे डिस्चार्ज कार्डला तेच म्हणतात. "डिस्चार्ज समरी" म्हटलं की नर्स तुमच्याकडे बघत राहते. मोठं काही झालं तर कोलंबो किंवा कँडीचं नॅशनल हॉस्पिटल. नुवारा एलियाला अशोक वाटिका बघायला जाता, त्या चहामळ्यांच्या पट्ट्यात हॅटनजवळ डिकोया इथे भारताने बांधून दिलेलं हॉस्पिटल २०१७पासून चालू आहे. तिकडे ताप आला तर डेंगी धरूनच चाला: पॅरासिटामॉल फक्त, आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक नको, आणि बाबा ॲस्पिरिनवर असतील तर ते सुरू ठेवायचं की थांबवायचं हे डॉक्टरने ठरवायचं, तुम्ही नाही.

भूतानमध्ये शोधायचा प्रश्नच येत नाही, कारण खासगी हॉस्पिटल जवळपास नाहीत. जे आहे ते सरकारी. २००८च्या त्यांच्या संविधानाने मूलभूत आरोग्यसेवा मोफत द्यायची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, आधुनिक आणि पारंपरिक दोन्ही. नंबर ११२. थिंपूचं जिग्मे दोर्जी वांगचुक हॉस्पिटल सगळ्यात वरचं. मी एकदा पारोत ग्रुपमधल्या एकाचं मनगट प्लास्टर करून घेतलं, तेव्हा आमच्याकडून काही घेतलं नव्हतं. पण तो आपला हक्क समजून जाऊ नका, पैसे मागितले तर भरा. तिथली मर्यादा म्हणजे मोठ्या शस्त्रक्रियांसाठी ते स्वतःच्या पेशंटना भारतात पाठवतात. त्यामुळे गंभीर काही झालं तर तुमचीही दिशा सीमेवरच्या फुंत्शोलिंगमार्गे सिलिगुडी, आणि तो खर्च तुमचा. पश्चिम बंगाल बराच काळ आयुष्मानच्या बाहेर राहिला आहे, तेव्हा त्या बाजूला कार्डावर विसंबू नका. औषधांची दुकानं विरळ, म्हणून साठा जास्तच न्या. ताक्त्संगची चढण, ती वाघाची गुहा, बाबांनी अर्ध्यावरच्या कॅफेपर्यंत करावी आणि तिथून फोटो काढावा.

मालदीवला कोणी नवी जोडपी निघाली असतील तर एवढंच: झोपेच्या, चिंतेच्या, तीव्र वेदनाशामक गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नेऊ नका, तिथे कस्टमवाले कडक असतात.

तुमच्याकडे अजून वेळ आहे, तेव्हा या महिन्यात बाबांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. मुक्तिनाथचं नाव घेऊन विचारा, नुसतं "नेपाळला चाललोय" म्हणू नका, नाहीतर ते काठमांडू समजून हो म्हणतील. तिथेच नवा ईसीजी काढा. तो कागद थर्मल असतो, काही महिन्यांत पुसट होतो, म्हणून त्याच दिवशी खाली येऊन झेरॉक्स काढा आणि झेरॉक्सच फाइलला लावा.